सगळं मावशीला विचारा

माझा नवरा आयुष्यभर बँकेत होता. एवढ्या नोकरीत त्याच्याकडे सांगण्यासारखे दोन किस्से साठले, आणि त्यातला एक त्याच्या साहेबाचा आहे. आमचं ऑफिस म्हणजे राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीवरची माडी. माणसं मोजकी, पण किस्से इतके की कुणाच्या लग्नात आम्ही जुने लोक एका पंगतीला बसलो की भात गार होतो, वाढपी कंटाळतात, आणि मागची माणसं पाठीशी उभी राहून खाकरायला लागतात. नवरा म्हणतो, "तुम्ही कामं कधी करत होता?" आता त्याला काय सांगायचं! कामं करत होतो म्हणून तर किस्से झाले. न करणाऱ्याचे किस्से होत नाहीत, त्याला प्रमोशन मिळतं.

तर आधी माणसं सांगते. आमचे मालक बापू. मूळचे जयसिंगपूरचे, घरचा शेतीच्या अवजारांचा व्यापार. नांगर आणि पंप विकता विकता नव्वदच्या दशकात त्यांच्या मनात आलं की आता पुढं कॉम्प्युटरच विकायचा, आणि त्यांनी सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि ते ही गोष्ट लपवत नसत. उलट छाती काढून सांगायचे, "मी नांगर इकत होतो तवा काय रान नांगरत होतो व्हय?"

दुसरा शिवा. शिवलिंग त्याचं नाव, गडहिंग्लजच्याही पलीकडचा, घरात निम्मं कन्नड. आमच्यातला खरा प्रोग्रॅमर तोच. इतका शांत की फोनवर असला की समोरच्याला वाटायचं लाईन कटली. आणि तिसरी मी, वैशाली, कसबा बावड्याची. माझी जीभ जरा तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आमचं सगळ्यांचं पोट एका दूध संघावर होतं. नाव सांगत नाही. राधानगरीच्या बाजूच्या गावागावांतून तिथं टँकर यायचे. टँकर जिथं रिकामे करतात त्याला ते लोक डॉक म्हणत, आणि डॉकवर आमचा प्रोग्रॅम चालायचा. कुठल्या गावचं दूध, फॅट किती, ते मशीनमध्ये घातलं की चिठ्ठी निघायची. चिठ्ठी निघाल्याशिवाय टँकरचा नळ उघडायचा नाही, असा नियम. म्हणजे आमचा प्रोग्रॅम अडला की टँकर अडला, आणि टँकर उन्हात अडला की दूध नासलं. इतर सॉफ्टवेअरवाल्यांच्या चुका कागदावर दिसतात, आमच्या चुकांचा वास यायचा!

*

सगळा डेटा संघाच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर असायचा. तो सर्व्हर. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड माहीत असावा लागतो, नाहीतर तो डेटापर्यंत पोचणार कसा? आम्ही तेव्हा अतिशहाणे. ते नाव आम्ही प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात हाताने लिहून ठेवलं होतं. डॉकच्या प्रोग्रॅममध्ये, लॅबच्या, स्टोअरच्या, जिथं म्हणून लागेल तिथं. आणि ते नाव काय होतं? ABASAHEB. संघाचे त्या वेळचे चेअरमन आबासाहेब, त्यांना खूश करायला बापूंनी दिलेलं.

पुढं संघाची निवडणूक झाली. आबासाहेबांचं पॅनेल आपटलं आणि नानांचं आलं. नाना म्हणजे रांगडा शेतकरी माणूस. कपाळावर गुलाल तसाच ठेवून ते पहिल्या दिवशी संघ बघायला निघाले. फिरत फिरत कॉम्प्युटरपाशी आले. डॉकवरच्या ऑपरेटरनं, दत्तानं, कौतुकानं मशीन चालू केलं, आणि पडद्यावर भल्या मोठ्या अक्षरांत आलं: ABASAHEB शी संपर्क साधत आहे.

नाना बघतच राहिले. मग म्हणाले, "निवडणुकीत पाडला, तरी गडी हितंच बसलाय व्हय?"

झालं! नाव बदलायचं फर्मान निघालं. नानांच्या माणसांनी नवं नाव सुचवलं, ते कुठलं ते सांगायला नको. पण बापू तोवर शहाणे झाले होते. ते आम्हाला म्हणाले, "आता माणसाचं नाव न्हाय. नुसतं सर्व्हर म्हना. दर निवडणुकीला काय बारसं घालत बसायचं?"

मी आणि शिवानं प्रत्येक प्रोग्रॅम उघडून नाव बदललं. सगळीकडं बदललं, आणि एका ठिकाणी राहिलं. नेमकं दुसऱ्या गेटच्या डॉकवर! सकाळी पहिला टँकर लागला आणि पडद्यावर इंग्रजीत संदेश आला की ABASAHEB कडून उत्तर येत नाही. दत्ता नानांच्या गटाचा. त्यानं ते वाचलं आणि जी आरोळी ठोकली ती म्हणे पार रस्त्यावर ऐकू गेली. "आबासाहेबानं मशीन बंद पाडलं!"

दोन्ही गट गोळा झाले. आबासाहेबांचे लोक म्हणाले, "आबा कालधरनं लेकीकडं गेल्यात, त्ये कशाला पाडत्यात?" नानांचे लोक पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मग हितं नाव कसं आलं? मशीन काय खोटं बोलतंय?" पुरावाच समोर! शिवा मोटरसायकलवरून पोचेपर्यंत बाह्या वर गेल्या होत्या आणि उन्हात उभ्या टँकरमधलं दूध नासलं होतं. शिवानं एक शब्द बदलला, चिठ्ठी निघाली. पण एवढ्या भांडणाचं कारण एक शब्द होता हे कुणाला पटेना. दोन्ही गटांना वाटलं की कंपनी कुणाला तरी पाठीशी घालतेय.

संघाचे एम.डी. साहेब शिकलेले आणि मृदू बोलणारे. त्यांनी बापूंना आत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "बापू, परत एकदा आपल्यामुळं टँकर थांबला तर मला हे काम पुण्याच्या कंपनीला द्यावं लागेल." संघ गेला तर आमची माडी बंद. इथून पुढचं सगळं ही टांगती तलवार डोक्यावर ठेवून ऐका.

*

शिवा त्यानंतर बरेच दिवस काही बोलला नाही. तसा तो एरवीही बोलायचा नाही, पण ह्या न बोलण्यात काहीतरी शिजत होतं. मग एकदा बापूंच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "समद्या प्रोग्रॅममधनं सर्व्हरचं नाव काढून टाकू. एकच फाईल करू. सर्व्हर कुठला, पासवर्ड काय, सगळं तिच्यात लिहू. प्रोग्रॅम चालू झाला की आधी त्या फाईलला विचारणार. उद्या काही बदललं तर तेवढ्या एका जागी बदलायचं. बाकी कशाला हात लावायला नको."

मला वाटलं, आता बापूंना हे समजावण्यात सगळा दिवस जाणार. बापूंनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "म्हंजे लग्नातल्या कोठीची मावशी!"

मी विचारलं, "कुठली मावशी?"

"अगं, लग्नघरात कोठीची किल्ली एका मावशीकडं असत्या का न्हाय? साखर कुठं, तूप कुठं, आचारी काय घरभर हुडकत बसत न्हाय. मावशीला इचारतो. उद्या तूप माडीवरनं खालच्या खोलीत ठेवलं, तर साऱ्या गावाला सांगाय लागतंय का? मावशीला सांगितलं की इषय संपला!"

जी गोष्ट कळायला आम्हाला कॉलेज लागलं होतं ती ह्या माणसाला लग्नाच्या कोठीवरून कळली. शिवानं तिथल्या तिथं फाईलचं नाव mavshi ठेवलं. ती संघातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवायची, सगळ्या मशीन तिला विचारणार, असं ठरलं. बापूंनी उत्साहात एम.डी. साहेबांना फोन लावला. "साहेब, आता काय काळजी करू नगा. आमी संघात एक मावशी बसवायलोय. समदं तिलाच इचारायचं."

पलीकडून साहेब म्हणाले, "बापू, नवीन भरतीला बोर्डाची मंजुरी लागते."

*

मावशीचा सांभाळ करायला संघानं जाधवकाकांना नेमलं. सगळी हयात टाइपरायटरवर काढलेला माणूस. त्यांनी टाइप केलेला कागद बघावा आणि भिंतीवर लावावा. आम्ही त्यांना एकच काम शिकवलं होतं. पासवर्ड बदलायचा असेल तेव्हा फाईल उघडायची, शेवटच्या ओळीत नवा पासवर्ड टाइप करायचा, फाईल बंद करायची. बाकी काही नाही.

पहिल्यांदा पासवर्ड बदलला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताचा फोन. "मॅडम, मशीन देवाला हुडकायलंय!"

"काय?"

"SHREE सर्व्हर घावंना झालाय म्हणतंय!"

नशीब की पहिला टँकर अजून वाटेत होता. शिवा पळाला. जाऊन फाईल उघडली तर सगळ्यात वर, अगदी बरोब्बर मधोमध, दोन्ही बाजूंना उभ्या दोन-दोन रेघा देऊन काकांनी SHREE टाइप केलेलं! आमचा प्रोग्रॅम पहिली ओळ वाचायचा आणि तिला सर्व्हरचं नाव समजायचा. शिवानं हळूच विचारलं, "काका, हे तुम्ही घातलं?"

काका उलट त्याच्यावरच घसरले. "मग काय बिनश्रीचं ठेवायचं व्हय? एवढा कारभार तिच्यावर चालतोय, आन् माथ्यावर देवाचं नाव न्हाय! आमच्यात किराणाच्या यादीवरबी श्री असतंय."

शिवानं ते काढलं, समजावलं, काकांनी मान डोलावली. पुढच्या पासवर्डच्या वेळी श्री परत आलं. परत काढलं, परत आलं. काकांचा हातच तसा, कागद समोर आला की आधी श्री. शेवटी शिवानं काकांना सुधारायचा नाद सोडला आणि प्रोग्रॅम सुधारला. पहिल्या ओळीत काहीही असो, वाचायची नाही, दुसरीपासून सुरू करायचं.

पुढं बऱ्याच काळानं आमच्याकडं इंजिनिअरिंग झालेली एक नवी मुलगी आली. हुशार होती. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "ही पहिली ओळ उगाच सोडलीय, किती चुकीचं आहे!" आणि कुणाला न विचारता ते काढून टाकलं.

सकाळी दत्ताचा फोन. "मॅडम, देव परत हरवला!"

*

लॅबचे प्रमुख पाटील साहेब. दुधाची तपासणी त्यांच्याकडं. मान मोठा आणि राग त्याहून मोठा. कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की लॅबचे प्रोग्रॅमसुद्धा आता त्या मावशीला विचारून चालतात, आणि ती बसते दूध उतरवून घेणाऱ्या संकलन विभागात!

पाटील साहेबांनी बापूंना उभ्या उभ्या झाडलं. "आमी काय संकलनाच्या हाताखाली हाय व्हय? आमची लॅब त्यांच्या फाईलला इचारनार? चालायचं न्हाय. आमच्या खात्याला सोतंत्र फाईल पायजे."

आता सगळं एका जागी असावं म्हणून तर हा खटाटोप केलेला. खात्याखात्याला वेगळी फाईल दिली तर पहिले पाढे पंचावन्न, परत कुठंतरी एक नाव बदलायचं राहणार, परत टँकर थांबणार, आणि मग पुणे! शिवा टेबलावर डोकं टेकून बसला. मी म्हटलं, सरळ सांगू त्यांना की देता येत नाही, जा. बापू म्हणाले, "नाही म्हणायचं न्हाय. सोतंत्र मागितली न्हवं, सोतंत्र द्या."

शिवानं डोकं वर केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं लॅबच्या कॉम्प्युटरवर नवीकोरी फाईल बसवली. वर ठळक अक्षरात खात्याचं नाव, खाली 'स्वतंत्र फाईल', आणि त्याखाली एकच ओळ. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता की मावशीला विचारा.

पाटील साहेबांनी ती पडद्यावर बघितली, वरचा मथळा दोनदा वाचला आणि त्याची प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली. ते बघून स्टोअरवाल्यांनी मागितली, मग वाहतूकवाल्यांनी. होता होता प्रत्येक खात्याची स्वतंत्र फाईल झाली, आणि सगळ्या स्वतंत्र फाईली मावशीला विचारायला लागल्या. बापू म्हणाले, "लग्नातबी असंच असतंय की. मान समद्यांना द्यायचा, किल्ली एकीकडंच ठेवायची."

*

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा असते, हे काय सांगायला पाहिजे? नांगर, कोयता, शिवणयंत्र, ज्याचं जे हत्यार ते त्यानं पुजायचं. संघातसुद्धा सकाळपासून झेंडूच्या माळांचा खच पडला होता. आम्ही ऑफिसात आमच्या पूजेची तयारी करतोय, तोवर दत्ताचा फोन. सगळ्या मशीन एकदम बंद! एकीलाही मावशी सापडत नव्हती.

चौकशी केली तेव्हा कळलं. जाधवकाकांनी मावशीचा कॉम्प्युटर रीतसर बंद करून, पुसून, पाटावर ठेवला होता. हळदकुंकू, फुलं, पुढं उदबत्ती. वायरीसुद्धा गुंडाळून शेजारी ठेवल्या होत्या. बापूंनी त्यांना फोनवर बोलावून घेतलं. मी शेजारीच उभी होते आणि काकांचा आवाज रिसीव्हरमधून बाहेर येत होता.

"काका, मशीन चालू करा."

"आज न्हाय मालक. आज हत्याराला इसावा. पुजल्यावर हात लावायचा नसतोय."

घाटावरून टँकर सुटले होते. बापूंचा आवाज चढेल असं मला वाटलं, पण बापू एकदम गोड झाले. "बरोबर हाय. पर मला एक सांगा, टँकरची पूजा केली का न्हाय?"

"केली की! बॉनेटवर हार घातलाय."

"मग टँकर का सोडलासा? त्याला इसावा नगो?"

"त्यो कसा थांबवायचा? दूध नासंल की!"

"आन् कॉम्प्युटर बंद ठिवल्यावर काय हुईल?"

"टँकर थांबंल."

"मग दूध?"

"नासंल."

"मग?"

शिवानं माझ्याकडं बघितलं, मी घड्याळाकडं. मग काका म्हणाले, "चालू करतो. पर नारळ फोडल्यावर."

"फोडा. खरं त्या मशीनवर नगा फोडू!" बापू ओरडले.

फोन ठेवल्यावर बापूंनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "शेवटचं सांगितलं ते बरं झालं. त्येंचा काय नेम न्हाय."

*

शिवाचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हाची गंमत. मुलगी निपाणीकडची, सांगून आलेली, शिवाला बघताक्षणी आवडलेली. हा आमचा दगड पहिल्यांदाच आपण होऊन तिच्याबद्दल बोलला, त्यावरून आम्ही ओळखलं. तिचे वडील तंबाखूचे व्यापारी, सगळं पारखून घेणारे. त्यांनी कन्नड वळणानं, 'बाळा' म्हणावं तसं विचारलं, "काय तम्मा, काम काय करतंस?"

खरं बोलायची खोड मेल्याला! म्हणाला, "एक फाईल हाय, ती बघतो."

"एकच?"

"एकच."

"दिवसभर?"

"व्हय."

"मोठी असंल."

"न्हाय, चार-पाच ओळींची."

दुसऱ्या दिवशी सासरे गिरणीचा जिना चढून बापूंपुढं हजर. "पोरगं गुणाचं हाय. पर पाच वळी बघायला पगार कोण देतंय, त्येवढं दाखवा."

बापूंनी त्यांना गाडीत घातलं आणि थेट संघात नेऊन डॉकवर उभं केलं. टँकरमागं टँकर लागलेला. म्हणाले, "ह्या समद्यांचं दूध त्या पाच वळींवर चाललंय. बघा."

सासऱ्यांनी बराच वेळ बघितलं. एका टँकरला हात लावून बघितला. मग म्हणाले, "मुलगी दिली. पर एक इचारतो, हे काम दुसऱ्या कुनी घेतलं तर?"

बापू म्हणाले, "कोण घेतंय?"

"न्हाय, आपलं इचारलं. लग्न पुढच्या म्हैन्यात धरू. तवर काम हाय न्हवं?"

*

आणि तेवढ्यात पुण्याची कंपनी आलीच.

संघानं नवा सर्व्हर घेतला होता. एम.डी. साहेबांवर वरून दबाव होता, का कोण जाणे, पण त्यांनी पुणेकरांना एका गेटवर त्यांचा प्रोग्रॅम लावून बघायची परवानगी दिली. दुसऱ्या गेटवर आमचा होताच. मग नानांनी बोर्डात जाहीर केलं की परीक्षा घेऊया. जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर नेऊन ठेवलेला आहे. दोघांनी आपापल्या गेटचे प्रोग्रॅम जुन्यावरून नव्या सर्व्हरला जोडायचे. टँकर थांबता कामा नये. जो पास होईल त्याला सगळं काम.

शिवाची लग्नपत्रिका छापायला गेली होती. तो परीक्षेच्या दिवशी जेवूनसुद्धा आला नव्हता.

पुण्याहून गाडी भरून माणसं आली. टाय, लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्रं. आम्ही तिघं. नानांनी डॉकवर सावलीत खुर्ची टाकली होती, शेजारी एम.डी. साहेब आणि बापू. बापू परीटघडीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यात, लग्नाला निघाल्यासारखे.

शिवानं मावशी उघडली. सर्व्हरच्या ओळीत जुन्याचं नाव खोडून नव्याचं लिहिलं, फाईल बंद केली आणि दत्ताला म्हणाला, "प्रोग्रॅम बंद करून परत चालू कर." दत्तानं केला. नव्या सर्व्हरवरून चिठ्ठी निघाली, टँकरचा नळ उघडला. संपलं! कँटीनचा चहा आला तो आम्ही घेतला. मला इतका अभिमान वाटत होता की हसू लपवता येईना.

तिकडं पुणेकरांनी सर्व्हरचं नाव प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात लिहिलेलं, आमचं पूर्वी असायचं तसंच. एक टेबलाखाली, एक स्टुलावर, एक मोबाईलवर पुण्याशी ओरडतोय. एकानं टाय काढून खिशात कोंबला, दुसऱ्याचा शर्ट खिळ्याला अडकून फाटला. दोन टँकरच्या मधल्या वेळात एकेक मशीन बदलत, घामानं निथळत त्यांनी दुपार कलायच्या आत काम पुरं केलं. त्यांचाही टँकर थांबला नाही, खोटं कशाला बोलू?

नाना खुर्चीतून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "एमडी, काम पुन्यावाल्यांना द्या."

एम.डी. साहेब चाचरले. "पण नाना, ह्यांचं तर सकाळीच झालं होतं."

"काय झालं होतं? ह्या पोरांनी सकाळधरनं पान्याचा घोट घेतला न्हाय. आन् ही दोघं? एक वळ लिवली आन् च्या प्यायला बसली!" नानांनी हातात कप असलेल्या शिवाकडं आणि माझ्याकडं बोट केलं. "मी शेतकरी माणूस हाय. घाम दिसल्याबिगर मला काम कळत न्हाय. राबनाऱ्याला काम द्यायचं. इषय कट!"

शिवाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझा संताप संताप झाला, डोळ्यांत पाणीच आलं. लवकर केलं हा गुन्हा? एवढी अक्कल लावून सोपं केलं त्याची ही शिक्षा? मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बापू उठले.

"नाना, सही करू नगा. आमचं निम्मंच झालंय. अवघड काम तर फुडंच हाय."

एम.डी. साहेब चकित. शिवा माझ्याकडं बघतोय, मी शिवाकडं. बापूंनी संघाच्या वायरमनच्या पेटीतून एक स्क्रूड्रायव्हर उचलला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारल्या आणि ते डॉकवरच्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली शिरले! जन्मात ज्या माणसानं कीबोर्डच्या बटणाला बोट लावलं नव्हतं, तो आमचा मालक!

शिवा धावला. "बापू, बाहेर या! सगळं चालू हाय, कशाला हात लावू नका!"

टेबलाखालून आवाज आला, "तू गप. वैशाली, बॅटरी धर."

मी बॅटरी धरली. खालून ठाक-ठाक, मग कुरकुर, मग "आई गं!" मध्येच मोठ्यानं हुकूम, "दत्ता, आता चिठ्ठी काढ! निघाली का?" चिठ्ठी सकाळपासून निघतच होती, ती निघाली. "हां! आता पुढची!" तीही निघाली. टँकर येत होते, रिकामे होऊन जात होते, आणि बापू एकदा ह्या कुशीवर, एकदा त्या कुशीवर. शिवानं डोळे गच्च मिटून घेतले होते. नाना खुर्चीत पुढं सरकले. मग उभे राहिले. मग चालत टेबलापर्यंत आले आणि वाकून खाली बघायला लागले.

बऱ्याच वेळानं बापू रांगत बाहेर आले. पांढरा शर्ट काळा झालेला, केसांत जळमटं, नाकावरून घाम टपटप गळतोय. उभं राहायला नानांनी स्वतः हात दिला.

"मालक असून सोता टेबलाखाली शिरला!" नाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्येला म्हंत्यात काम! एमडी, पुन्याच्या पावन्यास्नी जेवू घालून पाठवा. काम ह्यास्नीच."

परत येताना गाडीत शिवा मागच्या सीटवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. फुलेवाडी आली तेव्हा त्याला राहवेना.

"बापू, खरं सांगा. खाली काय काय काढलंत?"

"काय काढलं न्हाय," बापू म्हणाले. "टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, त्येवढा घट्ट केला."